झऱ्याचं तोंड

"तोंड उघडायच्या आधी तांब्या. आधी महादेव, मंग माणसं. आन् झऱ्याचं तोंड बुजू द्यायचं न्हाई. ऐकलं का?"

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मला बारवेच्या तळाशी उभं करून चतुराबाई, माझ्या सासूबाई, हे म्हणाल्या होत्या. त्यांच्या हातात खोरं होतं. दर फाल्गुनात गाळ उपसून झरा मोकळा करायचं काम आमच्या घराकडं आहे, कधीपासून ते कुणालाच माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा माझं मनगट धरून त्यांनी तेच पुन्हा विचारलं. "हो, आत्याबाई," मी म्हणाले.

बारवेचं पाणी तिथल्याच देवळीतल्या पिंडीवर घातल्याशिवाय मी शब्द बोलत नाही. त्यात मोठं काही नाही. सहापर्यंत उरकतं, घरातल्यांनाही तेवढीच शांतता.

सरकारकडं पैसा मागायला मात्र मीच गेले होते. हे आधी सांगते, नाहीतर सगळा दोष दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल. पूर्वेकडच्या पायऱ्या खचल्या होत्या, दोन देवळ्यांचे दगड गाळात पडले होते. शेजारच्या सोनूबाईला घेऊन वाटूरच्या फाट्यावरून एसटीनं मी सात वेळा जालन्याला गेले. पडलेले दगड होते तिथं बसवा, एवढंच अर्जात लिहिलं होतं.

चौथ्या वर्षी बोर्ड लागला: बारव संवर्धन व उद्यान विकास. मी त्या बोर्डालासुद्धा हळदकुंकू वाहिलं. इतकी मी वेडी!

माघ सरत आला तेव्हा इंजिनिअर भालचंद्र साहेब आले. दगडांकडं त्यांनी पाहिलंच नाही. "संवर्धनाची मंजुरी वेगळी लागती, काकू, तिला वर्षं जातात. पैसा उद्यानाच्या नावानं आलाय. मार्चअखेर खर्च न्हाई झाला तर वापस जातो."

"मग जाऊ द्या वापस," मी म्हणाले.

ते हसले. सरपंच अंगदभावजीही हसले. ते मालकांचे चुलतभाऊ. लहानपणी याच झऱ्याशी पालथे पडून पाणी प्यायलेले.

कामात बदल करायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतो. सभा ठेवली सकाळी नऊला. त्या दिवशी पहाटे मी तांब्या घेऊन गेले, तर बारवेच्या नव्या लोखंडी गेटाला कुलूप. काम चालू, प्रवेश बंद.

तशीच भावजींच्या दारात गेले. ते दात घासत होते. मी तांब्या पुढं केला आणि हातानं किल्लीची खूण केली.

"किल्ली ठेकेदाराकडं हाय, वहिनी. अकराला येतो तो. सभेला मात्र या बरं का, बायकांची संख्या लागती." आणि चूळ थुंकून हसले.

माझा नेम सगळ्या गावाला ठाऊक. त्यांनी बारवेला नाही, माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

सभेत साहेबांनी वाचून दाखवलं. बारवेचा तळ काँक्रीटनं बंद. वर निळ्या टाइल्स, मधोमध कारंजं, रंगीत दिवे. काठावर हिरवळ आणि घसरगुंडी.

"आन् झरा?" सोनूबाईनं विचारलं.

"झऱ्यामुळं टाइल्स उखडतील, मावशी. म्हणून तर बंद करून राह्यलो. कारंज्याला टँकरचं पाणी."

"बाई गं! आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी, आन् कारंज्याला टँकर?"

लोक हसले. भावजींनी टेबलावर हात आपटला. "जल्दी करा. विरोध हाय का कुणाचा?"

मी उभी राहिले. हात वर केला.

"बोला, वहिनी." ते थांबले. सगळी सभा थांबली. "न्हाई बोलायच्या? बरं. ग्रामसेवक, हात वर हाय, अनुकूल म्हणून लिहा."

"अंगद!" सोनूबाई ओरडली. "तिचं मौन हाय, तुला बराबर ठावं हाय!"

"मंग सोडावं की. मी कुठं तोंड दाबलंय?"

माझे ओठ सुटले होते. 'नको' एवढाच शब्द होता, जिभेच्या टोकाशी. तो मी बोलले नाही. आत्याबाईंच्या एका सांगण्यासाठी दुसरं सांगणं डोळ्यादेखत मोडू दिलं. भावजींचा राग तर आलाच. मान खाली घालून लिहिणाऱ्या ग्रामसेवकाचा आला, सतरंजीवर हसणाऱ्या त्या सगळ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला.

ठेकेदार अकराला आला, मिक्सर घेऊन; इंजिनिअर साहेबही सोबत. कुलूप उघडलं आणि आतून पुन्हा लावलं. मी तांब्या घेऊन गजांना धरून उभी होते. तीनपर्यंत त्यांनी तळ भरला. जाताना एक मजूर म्हणाला, "खालून पाणी जोर करून राह्यलंय, साहेब." साहेब म्हणाले, "बसंल, बसंल."

घरी आले. तोंडात पाणी घेतलं नाही, शब्द काढला नाही. भाकरी थापताना मात्र परातीचा आवाज सगळ्या आळीला गेला असणार. माझ्या हातचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

मालक म्हणाले, "बोल की आता. नळाचं पाणी घाल पिंडीवर, चालतंय." मी भाकरी उलटली. "सरकारचं काम हाय ते. आपुन काय करणार?" मी दुसरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ केली. गोठ्यातून पहार काढली, आत्याबाईंचं खोरं घेतलं. घमेल्यात तांब्या ठेवला, वर दोन बेलाची पानं. पदर खोचून दाराशी आले तर मालक ओसरीत बसलेले.

आता अडवतील, असं वाटलं. ते माझ्या हातातल्या पहारीकडं बघत राहिले.

"त्या पहारीची धार गेलीय," ते म्हणाले. उठून आत गेले आणि दुसरी घेऊन आले. "लिंबाकडनं कुंपण वाकलेलं हाय. आन् सिमेंट अजून कच्चंच असंल. वाहत्या पाण्यावर कुठलं बसतंय ते."

मी मान हलवली, पहार खांद्यावर घेतली आणि बारवेच्या वाटेला लागले.