खामसेनची डबी

"लाय, पीळ गं लवकर, अजून हलतोय तो!"

दादाचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा. पण लिंबाचा वास आला की बुआलायच्या कानात तो आजही जसाच्या तसा उमटायचा. धरणाचा काठ, केळीच्या पानावर बारीक चिरलेला मासा, आणि बारा वर्षांचा खामसेन धाकट्या बहिणीला कच्च्या माशाचं कॉय कालवायला शिकवतोय. लिंबू पिळलं की मांस पांढरं पडतं, पांढरं पडलं म्हणजे शिजलं. आंबटपणा वाढवायला तांबड्या मुंग्या चुरडायच्या. मिरची अशी घालायची की खाणाऱ्याच्या डोळ्यांतून धार लागली पाहिजे. "एवढ्या आगीत कुठला किडा जगतोय?" तो म्हणायचा. ती मान डोलवायची. दादा म्हणेल ते खरं.

आज ती त्याच्याच घरात चुलीपुढे बसून लिंबं चिरत होती आणि बाहेर ओसरीवर दादा भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळे, तळहात पिवळे, पाठ खाजवून खाजवून रक्ताळलेली. खोनकेनच्या इस्पितळातून त्याला परवा घरी पाठवलं होतं. पित्ताच्या नळीतला कर्करोग. फार पसरला होता.

"वन्सं, तवा कशाला ठेवताय चुलीवर?" फियांगवहिनीने विचारलं. "त्यांना कच्चंच हवंय. तुमच्या हातचं कॉय खाल्ल्याशिवाय जायचा नाही, म्हणतात. डॉक्टरांनीही सांगितलं, आता मागतील ते द्या."

"माहितीये," बुआलाय म्हणाली, आणि तवा ठेवलाच.

ओसरीवर माणसं जमत होती. आज खामसेनच्या जिवाला हाका मारून परत बोलवायचं होतं. माणूस दुखण्याने खंगला की त्याचा जीव शरीर सोडून रानावनात, पाण्यापावसात हिंडायला लागतो. मग त्याला गोड बोलून घरी आणायचं, मनगटाला पांढरा दोरा बांधून आत कोंडायचं. केळीच्या पानांचा उंच शंकू सजला होता, त्यावर दोरे लोंबत होते, पायथ्याशी उकडलेलं अंडं, केळी, चिकट भाताचा मुटका.

"खामसेनभाऊ, लवकर बरे व्हा," बुनमी मोठ्याने म्हणाला. बुआलायच्या टपरीवरचं हे वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. "तुम्ही जाळं टाकणं बंद केलंत तेव्हापासून बाईच्या कॉयला चव नाही. मासे बाजारातले, मेलेले. तोंडात टाकले तर उलटून चावतही नाहीत!"

हशा पिकला. खामसेनही हसला, मग पोटाला धरून थांबला.

"तू अजून कच्चंच खातोस का रे?" कोणीतरी बुनमीला विचारलं.

"खातो की. वर्षातून एकदा गोळी घेतो, की पुढच्या वर्षाला मोकळा."

चुलीपुढे बुआलायने तांदळाची भरड भाजायला घेतली. गोळी. तिनेही घेतली होती, बारा वर्षांपूर्वी. आरोग्यकेंद्राची लामदुअन घरोघर झाकणाच्या डब्या वाटत फिरली होती. प्रत्येकीवर नाव, आत प्रत्येकाने तपासणीसाठी आपापलं सकाळचं शौच भरून द्यायचं. बुआलायच्या डबीत जंतांची अंडी निघाली. लामदुअनने तिला चित्र दाखवलं, पानासारखा चपटा किडा, यकृतात, पित्ताच्या नळीत घर करून बसलेला, पुढे तिथेच कर्करोग करणारा. "लिंबाने मरत नाही, मावशी. मिरचीने नाही, दारूने नाही. फक्त विस्तवाने मरतो." गोळ्यांनी दोन दिवस घर गरगर फिरलं. त्या दिवसापासून बुआलायने कच्चा घास तोंडात घातला नाही. टपरीच्या मागे ती आपल्या वाट्याचा मासा तव्यावर परतून खायची.

टपरीच्या पुढे मात्र कच्चाच. एकदा तिने सगळ्यांनाच परतलेलं वाढून पाहिलं होतं. बुनमीने ताट पुढे सरकवलं. "कोण बाळंत झालंय?" बाकीचे हसत हसत समोरच्या टपरीत गेले. दादा सगळ्यांत जास्त हसला. दुसऱ्या दिवशी तवा मागे गेला तो मागेच राहिला.

पुढच्या वर्षी डब्या पुन्हा आल्या. या वेळी खामसेनलाही मिळाली.

"सरकारला माझं हेही हवं झालंय!" भल्या सकाळी होडी सोडता सोडता त्याने डबी तिच्या हातात ठेवली होती. "मासे कधी मागितले नाहीत मेल्यांनी. सांभाळून ने हां लाय, सोनं आहे."

दोन डब्या पिशवीत घालून ती कालव्याच्या पुलापर्यंत आली. तिथे तिचे पाय थांबले. दादाची डबी काय सांगणार हे तिला ठाऊक होतं. टपरीवर रोज सकाळी पहिला घास त्याचा असायचा, "तिखट कमी!" ही त्याची आरोळी ऐकूनच गिऱ्हाईक बसायचं. त्याच्या पोटात किडे निघाले असं गावात झालं, तर त्याने पकडलेला आणि तिने कालवलेला मासा कोण खाणार? नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. टपरीच्याच कमाईवर दोन मुली शिकत होत्या.

तिने दादाची डबी कालव्यात टाकली. घरी परतली, मागच्या वर्षीची उरलेली रिकामी डबी घेतली, स्वतःचंच भरलं आणि वर त्याचं नाव लिहिलं. ती गोळ्या घेऊन स्वच्छ झालेली होती. तो कागदावर स्वच्छ झाला.

तो कागद खामसेनने ओसरीच्या भिंतीवर चिकटवला, देवळाच्या जत्रेच्या कॅलेंडरशेजारी. 'खामसेन. अंडी आढळली नाहीत.' येईल त्याला तो दाखवायचा. "चाळीस वर्षं कच्चं खातोय. मी नाही, हा कागद बोलतो!" टपरीवर गर्दी वाढली. आणि त्यानंतर दरवर्षी लामदुअन डबी घेऊन आली की तो भिंतीकडे बोट करायचा. एकदा तर, त्याला थकवा यायला लागला होता तेव्हा, लामदुअन ओसरीवर ठाणच मांडून बसली. "मामा, जुना कागद आहे हो तो. माणूस रोज खातो, तर पोट रोज नवं." खामसेनने भांडी घासणाऱ्या बहिणीला हाक मारली. "लाय, सांग गं हिला, डबी तूच नेली होतीस ना?"

"मीच नेली होती," बुआलाय म्हणाली होती, आणि परात घासत राहिली होती.

तव्यावर मासा चर्र वाजला. तिने तो पानावर काढला, भरड घातली, मुरवलेल्या मासळीचं पाणी, पुदिना, कांद्याची पात, आणि मिरची, नेहमीसारखी, हात आखडता न घेता. मग लिंबू पिळलं.

खामसेनने चिकट भाताचा लहानसा गोळा करून त्यात घास उचलला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने हळूहळू चावलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट बरोबर आहे," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "तव्यावर टाकलंस."

"हो."

"तू तुझं टपरीच्या मागे तव्यावरच टाकायचीस. बघितलं होतं मी. वाटायचं, हिचे दात दुखतात."

तिने पान उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत येईपर्यंत थित आजांनी हाका सुरू केल्या होत्या. पूर्वी भिक्खू होते ते, आवाज अजून खणखणीत.

"ये रे जीवा, ये घरी,
धरणाच्या पाण्यात नको राहू,
लव्हाळ्यात नको अडकू,
जुन्या जाळ्यात नको गुंतू.
चुलीत विस्तव आहे, टोपलीत भात आहे,
बहिणीने वाट पाहिली, बायकोने दिवा लावला,
ये रे जीवा, ये घरी."

मग एकेकाने पुढे होऊन दोरा बांधायला सुरुवात केली. बांधणाऱ्याने हलक्या आवाजात आशीर्वाद द्यायचा. त्याच्या कोपराला मागच्याने हात लावायचा, त्या मागच्याच्या कोपराला आणखी मागच्याने, म्हणजे शब्द सगळ्यांच्या अंगांतून वाहत दुखणाइतापर्यंत पोचतो. बुनमीने बांधला. शेजारपाजारच्या बायकांनी बांधला. दोऱ्यांनी खामसेनचं मनगट पांढरं झालं, पण मनगट एवढं बारीक राहिलं होतं की दोरे घसरून तळव्यावर येत होते.

बुआलाय सर्वांत शेवटी गुडघ्यांवर सरकत पुढे आली. तिच्या कोपरावर फियांगवहिनीची बोटं टेकली. फियांगच्या मागे सारी ओसरी.

तिने दोरा त्याच्या मनगटाभोवती गुंडाळला. एक वेढा, दोन, तीन. दीर्घायुषी हो, एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या खांद्यावरून भिंतीवरचा कागद दिसत होता. अकरा वर्षांच्या धुराने तो काळवंडला होता, पण अक्षरं वाचता येत होती.

"बोल की," खामसेन हसत कुजबुजला. "सगळ्यांनी शंभर वर्षं दिली. तू किती देतेस?"

तिने गाठ मारली. हात मनगटावरच राहिला.

"दादा," ती म्हणाली, आणि आवाज कुजबुजीत मावला नाही, "भिंतीवरचा कागद तुझा नाही."

तिच्या कोपरावरची बोटं हलली, मग एकेक करून सुटली.

"तुझी डबी मी कालव्यात टाकली. दिली ती माझी होती."