काठ वाकलेल्या परातीचं म्हणणं

मी परात आहे. पितळेची, वजनदार, आणि एका बाजूने वाकडी. वाकडी म्हणून हसू नका. वाकडी कशी झाले तेच सांगायला बसले आहे.

मित्रांनो, माझा जन्म ठोक्यांतून झाला. पेणच्या बाजारात एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं. त्या ठोक्यांबद्दल माझी तक्रार नाही. घडवणारा ठोकतो तेव्हा त्याचं लक्ष भांड्यावर असतं. रागाने आपटणाऱ्याचं लक्ष फक्त स्वतःवर असतं. हा फरक मला धातूला कळतो, आणि माणसांना कळत नाही.

पेणजवळच्या जोहे गावच्या सगुणाने मला लेकीच्या लग्नात दिलं. सगुणा गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करते. तिने माझ्या काठावर कोरून घेतलं, ‘चि. अनितास आईकडून.’

अनिता नांदायला रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावाला आली. नवरा हरेश, कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याचं घर दोन पिढ्या येशूला मानणारं. अनितानेही तो विश्वास धरला, आणि मनापासून धरला. रोज ती तांदळाच्या पिठाची उकड काढायची आणि माझ्यात मळायची. उकड निवली की भाकरी चिरते, म्हणून हात भाजत असतानाच मळावी लागते. बावीस वर्षं तिचे हात भाजताना मी पाहिले. हरेशने ते एकदाही पाहिले नाहीत.

वर्षातून एकदा मात्र माझा मोठा मान असायचा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. पास्टर महादेव बारा जणांचे पाय माझ्यात धुवायचे. बारा जण म्हणजे बारा पुरुष. हरेश मंडळीतला वडील, म्हणजे कारभार पाहणारा जाणता माणूस, तेव्हा पहिल्या खुर्चीवर तोच. विधी झाला की मला चिंचेने घासायची कोण? अनिता. सगुणा लेकीला चिडवायची, “शी गो, पाय धुतल्या परातीत पीठ मळता?” अनिता हसून म्हणायची, “तीनदा घासते गो आई!”

या जानेवारीत अनिता मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं त्याच्या तिसऱ्या दिवशी हरेश म्हणाला, “आता तरी घरची भाकरी घाल. विकतचं खाऊन तोंड आंबलं.”

तिने मळायला घेतलं. सुजलेल्या हाताला जोर नव्हता. भाकरीला भेगा पडल्या. हरेशने ती भाकरी पाहिली, मला उचललं आणि उरलेल्या पिठासकट तिच्या अंगावर भिरकावलं. ती खाली वाकली म्हणून वाचली. मी भिंतीवर आदळले. माझा काठ वाकला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी रविवार. याच माणसाने मंडळीपुढे उभं राहून प्रीतीवर साक्ष दिली, स्वतःचा अनुभव सांगितला! घरात देवाची शांती आहे म्हणाला. लोक ‘आमेन’ म्हणाले. अनिता म्हणाली नाही. दुपारी तिने दोन कपडे आणि मी, एवढं पिशवीत भरलं आणि एसटी धरून जोह्याला आली.

सगुणाने माझ्या काठावरून हात फिरवला आणि काय ते समजली. “तुमचा देव दुसऱ्यांचे पाय धुतो म्हणतेस ना? मग जावयाला कोण शिकवतो हे?”



तिसऱ्या आठवड्यात मंडळीच्या विमलबाई आल्या. गुरुवार जवळ आला होता, परात हवी होती. खरं काम वेगळंच होतं. घरात भांडण ठेवून हरेशला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर मंडळीत वाटता येत नव्हती. अनिताने क्षमा केली म्हणावं, घरी परतावं, म्हणजे सगळं नीट दिसेल.

“सोस गो,” विमलबाई म्हणाल्या. “येशूनं नाय सोसलं?”

“येशूनं जगासाठी सोसलं, विमलबाई. मी भाकरीच्या भेगेसाठी सोसू?”

“बाईच्या जातीनं एवढं ताणू नये.”

“परात न्यायची ना? चला. परातीबरोबर मी पण येते.”

गुरुवारी संध्याकाळी मंडळी भरली. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. मी मधोमध, पाण्याने भरलेली. पास्टर गुडघ्यावर बसणार, एवढ्यात हरेश उठला. बायांच्या बाजूला गेला आणि मोठ्याने म्हणाला, “आज मी माझ्या पत्नीचे पाय धुणार!”

लोक गहिवरले. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. अनिताला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. हरेशने बाह्या वर सारल्या. अनिताने पाय उचलून खुर्चीवर घेतले.

“पाय माझे स्वच्छ हायत. घरून धुवून आलेय.”

“अगं, सगळे बघतायत,” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

“बघू देत. तुम्ही एवढंच सांगा, या परातीचा काठ कुणी वाकवला?”

हरेशने मान खाली घालून हात पाण्यात घातले. विमलबाई पुटपुटल्या, “घरातलं घरात ठेवावं गो.”

अनिता म्हणाली, “घरातच ठेवलं होतं. बावीस वर्षं.”

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असतं तर मी छप्पर उडवलं असतं! पण पास्टर महादेव बोलले, हळू आवाजात. “मोबाइल खाली ठेवा. हरेश, सांग. इथे खोटं बोलायची जागा नाही.”

हरेशचे हात माझ्या पाण्यात होते. “मी,” तो म्हणाला. “मी फेकली. तिच्या अंगावर. भाकरी चिरली म्हणून.”

कुणी आमेन म्हटलं नाही.

पास्टर म्हणाले, “या रविवारी तू भाकर वाटायची नाहीस. पुढेही मी सांगेपर्यंत नाही. आणि मला तुझ्या घरात काय चाललंय ते विचारावंसं वाटलं नाही, ही माझी चूक. अनिताने कधी परतायचं ते अनिता ठरवील. तिला कुणी न्यायला जायचं नाही.”

अनिता मला घेऊन जोह्याला परतली.

पुढच्या रविवारी हरेश आला, पण न्यायला नाही. अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, “उकड कशी काढतात ते शिकव.” सगुणाने माझ्यात वाफाळती उकड काढली. त्याने हात घातला आणि कळवळला.

“भाजतो!”

“भाजतोच,” सगुणा म्हणाली. “मळा, जावई.”

सलग सहा रविवार तो आला. अनिता त्याच्याशी कमी बोलली. सातव्या रविवारी त्याने भांडी घासली, हात पुसले आणि विचारलं, “क्षमा करशील?”

“ती कधीच केली,” अनिता म्हणाली. “उद्या सकाळी येते मी घरी. पण ऐकून ठेवा. पुन्हा हात उगारलात, तर तेव्हाही क्षमा करीन. राहणार मात्र नाय. क्षमा करणं वेगळं आणि मार खात राहणं वेगळं. येशूनं मला पहिलं सांगितलं, दुसरं लोकांनी.”

हरेशने मान डोलावली. तो होकार खरा होता की नाही, ते त्याचं त्याने रोज दाखवायचं आहे.

मित्रांनो, भांडं मी आहे. मला घासा, आपटा, उद्या मोडीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरात कुणी तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला भांडं समजत असेल आणि त्याला वर देवाचं नाव देत असेल, तर तिला ‘सोस’ म्हणून सांगू नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा, कुणी फेकलं?