वाघानं तोंड उघडायचं नाही

अठ्ठावीस वर्षांत क्वान यिक-होनं हजारभर सेनापती, दोनशे दरोडेखोर आणि एक राक्षसीण मारली होती, पण त्याची मूठ कुणाच्या नाकाला एकदाही लागली नव्हती. ती सुटायची विजेसारखी आणि थांबायची समोरच्याच्या नाकापासून बरोबर एक बोट अलीकडे. समोरचा नट कोलांटी मारून आडवा व्हायचा, झांज वाजायची, प्रेक्षक डोक्यावर छप्पर घ्यायचे. नाकाला मूठ लागली तर ती मारामारी नव्हे, ती चूक. हे गुरूनं त्याला वेताच्या छडीनं शिकवलं होतं. छडी मात्र एक बोट अलीकडे थांबत नसे.

अशा माणसावर नेवाडातल्या ड्राय फॉर्क नावाच्या खाणगावात, भर दुपारी, वाघ शोधत फिरायची वेळ आली.

वाघ का लागतो, तर प्रत्येक कोऱ्या स्टेजवर एक पांढरा वाघ दबा धरून बसलेला असतो. त्याची बाधा काढल्याशिवाय चिनी नाटकमंडळीतला एकही माणूस वर पाऊल ठेवत नाही. एकानं तोंड काळं रंगवून सेनापती व्हायचं, दुसऱ्यानं वाघाचं कातडं चढवायचं. वाघानं डुकराच्या मांसाचा तुकडा तोंडात धरायचा. सेनापतीनं त्याला लोळवायचं, वर बसायचं, गळ्यात साखळी घालायची, तीनदा मान वाकवायला लावायची आणि पाठमोरा ओढत बाहेर न्यायचा. हे सगळं होईतो दोघांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर बाधा स्टेजवरच मुक्काम ठोकते. बाहेरचा कुणी मध्ये बोलला तर बाधा त्याच्या घरी जाते. त्याचं तो बघेल.

दोन वर्षांपूर्वी ऐन विधीत क्वानच्या पायात खिळा घुसला आणि तो "आई गं" म्हणाला. त्याच संध्याकाळी राणीचं काम करणारा नट सिंहासनासकट फळीतून खाली गेला. तेव्हापासून मंडळीत क्वानला कुणी क्वानदादा म्हणत नसे. सगळे त्याला "आई गं" म्हणत. अगदी भात शिजवणारासुद्धा.

यावेळी मालक लोंग सिउ-फाट यांनी त्याला पुढे धाडताना स्वच्छ सांगितलं होतं, "हे बघ, आई गं. चारच्या घोडागाडीनं आम्ही येतो. तोवर बाधा निघाली असेल तर ठीक. नसेल तर उद्यापासून तू पेट्या राखायच्या. स्टेजकडे बघायचंसुद्धा नाही."

क्वानसोबत वाघ म्हणून आ-पिंग निघाला होता. पण वाटेतल्या थांब्यावर एका खेचरानं आ-पिंगला बसायच्या जागी चावा घेतला आणि तो तिथंच पालथा पडून राहिला. ड्राय फॉर्कमधले सगळे चिनी खाणकामगार पाच वाजेपर्यंत जमिनीच्या पोटात खोदत होते. वर उरले होते ते गोरे, आणि त्यांना वाघ व्हायला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे क्वानला कळेना. अडीच वाजले. धान्याच्या वखारीत नवंकोरं स्टेज, त्यावर रिकामं कातडं, आणि आरशासमोर तोंड काळं करून बसलेला क्वान.

तेवढ्यात खिडकीतून एक लाल केसांचा, लांब मानेचा माणूस आत पडला. अंगात काळा कोट, कोटाला पांढरं फूल.

"मास्तर, मला लपव," तो म्हणाला. "मी वेंडेल हॉक्स. तसा मी पळणाऱ्यातला नाही, माझे आजोबाही नव्हते, ते एका जागी इतके बसून असायचे की एकदा कोंबडीनं त्यांच्या टोपीत अंडं घातलं. पण आज प्रसंगच असा आहे. तुझं तोंड असं का आहे? आजारी आहेस का?"

"कोण मागे लागलंय?"

"लग्न."

मग वेंडेलनं हकिगत सांगितली. सात वर्षं त्याची टॅबिथा स्टाउटशी बोलणी चालू होती. टॅबिथा खेचरांची मालगाडी हाकायची. बाई लाख होती, वेंडेलला ती आवडायचीही. पण ती "करायचं का लग्न?" असं विचारायची तेव्हा वेंडेल उत्तर द्यायला सुरुवात करायचा, ते उत्तर खेचरांच्या किमतींवर जायचं, तिथून पावसापाण्यावर, आणि रात्र व्हायची. आज टॅबिथाच्या दोन भावांनी त्याला उचलून चर्चपर्यंत आणला होता. दारातच त्याचे पाय गळाले आणि मग भलत्याच दिशेनं चालू लागले.

"एनॉक आणि जूबल," वेंडेल म्हणाला. "एकेकजण कपाटाएवढा आहे. लग्नाचा मान म्हणून पिस्तुलं चर्चच्या दाराशी ठेवलीयत, तेवढंच नशीब. पण हात आहेत ना त्यांना."

क्वाननं त्याच्याकडे पाहिलं. मग कातड्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"यात लप," तो म्हणाला. "कुणाला सापडणार नाहीस. फक्त एक अट आहे. मी पाय आपटला की बोलायचं नाही. मी तुला बाहेर ओढून नेईपर्यंत अक्षर काढायचं नाही."

"एवढंच? अरे, गप्प बसण्यात माझा हात धरणारा या मुलखात कुणी नाही. गेल्याच वर्षी मी..." आणि गप्प कसं बसावं यावर वेंडेल पाव तास बोलला. क्वान तोवर त्याला कातड्यात कोंबून पाठीवरच्या नाड्या आवळत होता. मांसाचा तुकडा मुठीएवढा घ्यायची रीत होती. क्वाननं वेंडेलकडे बघून दोन मुठींएवढा कापला.

"बोललास तर काय होतं?" तुकडा आत जायच्या आधी वेंडेलनं विचारलं.

"स्टेज पडतं. आणि मी जन्मभर पेट्या राखतो."

वेंडेलनं पहिल्यांदाच काही न बोलता मान हलवली. क्वाननं तुकडा कोंबला आणि पाय आपटला.

सुरुवात बरी झाली. वाघ चारी पायांवर आला. चाल मात्र गाभण म्हशीची होती. क्वाननं चाबूक उगारला आणि वखारीचं दार बिजागरीसकट आत आलं. त्यावरून एनॉक आणि जूबल आले.

"ए," एनॉक म्हणाला. "लाल केसांचा, लांब मानेचा, बोलून बोलून डोकं उठवणारा माणूस बघितलास?"

क्वान गप्प.

"दाजी," जूबलनं पोत्यांमागे हाक दिली. "बाहेर या दाजी. मानानं नेतो. उलटे टांगून नेऊ, पण मानानं."

"हा बोलत का नाही?" एनॉक क्वानच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. "मी काय भिंतीशी बोलतोय? आमच्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी आम्हाला किंमत देत नाहीस?"

क्वाननं मनात हिशोब केला. हा विधीच्या मध्ये आलाय. विधीत मारामारी आहेच. म्हणजे मारामारी केली तर विधी मोडत नाही. त्यानं एक गिरकी घेतली, हवेत पाय फिरवला आणि मूठ सोडली. एनॉकनं डोळे मिटले. मूठ एक बोट अलीकडे थांबली.

एनॉकनं जरा वेळ वाट पाहिली. एक डोळा उघडला. "मारणार आहेस की नाही?"

क्वानही वाट पाहत होता, हा कोलांटी कधी मारतोय याची. मंडळीतला भात शिजवणारासुद्धा या मुठीला दोन कोलांट्या मारत असे. या लोकांना कामाचं काही वळणच नाही, असं त्याला वाटलं. त्यानं दुसरी मूठ दाखवली, मग तिसरी, मग कोपर. एनॉक प्रत्येक वेळी डोळे मिटत होता, आणि काही लागत नाही म्हणून जास्तच घाबरत होता.

"जूबल, हा चेटूक करतोय," तो म्हणाला. "लवकर ये."

जूबल मागून आला. मागून गदा येते तेव्हा सेनापतीनं खाली वाकायचं असतं. क्वान सवयीनं वाकला. जूबलची मूठ त्याच्या डोक्यावरून गेली आणि एक बोट अलीकडे अजिबात न थांबता थोरल्या भावाच्या नाकावर बसली.

"हे तू मुद्दाम केलंस," एनॉक नाक धरून म्हणाला.

"नाही रे, तो खाली..."

"लहानपणी घोड्यावरून ढकललं होतंस तेही मुद्दामच होतं. आईला सांगितलं नव्हतं मी."

पुढची मारामारी त्या दोघांनी घरच्या घरीच केली. क्वान मधे मधे वाकत, उडी मारत, चाबूक फिरवत राहिला, म्हणजे विधीत खंड पडायला नको. शेवटी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून स्टेजवर आडवे झाले, आणि त्यांना नीट बघायला म्हणून पुढे आलेला वाघ स्वतःच्याच शेपटीत अडकून त्यांच्यावर कोसळला. क्वाननं संधी साधली आणि वाघावर चढून बसला. सेनापती वर, वाघ खाली. अगदी शास्त्राप्रमाणे. वाघाखाली काय असावं याबद्दल शास्त्रात काही नव्हतं.

आता साखळी. क्वाननं ती वाघाच्या गळ्यात घातली, आणि दारात टॅबिथा स्टाउट उभी राहिली. अंगात पांढरा झगा, हातात खेचरांचा आसूड, मागे ऐंशी वर्षांचे पाद्रीबाबा पिकेट.

टॅबिथानं भावांकडे पाहिलं, काळ्या तोंडाच्या माणसाकडे पाहिलं, आणि मग वाघाच्या मागच्या पायांकडे.

"ते बूट मी दिलेत," ती म्हणाली. "बाबा, इथंच उरका."

"लवकर करा बाई," पाद्रीबाबा म्हणाले. "मला चार वाजता पलीकडच्या गावात एकाला पुरायचंय. नवरा कुठाय?"

"ह्या बाजूला. केसाळ आहे तो."

पाद्रीबाबांनी चष्मा पुसला, वाघाकडे पाहिलं, आणि या गावात याहून वाईट नवऱ्यांची लग्नं लावून दिल्याचं आठवून पुस्तक उघडलं. क्वानला काय चाललंय ते नीट कळेना. त्याला एवढंच कळत होतं की उन्हं कलली आहेत आणि अजून तीनदा मान वाकवायचीय.

"या लग्नाला कुणाची हरकत असेल," पाद्रीबाबा वाचू लागले, "तर त्यानं आत्ता बोलावं, नाहीतर जन्मभर गप्प बसावं."

वखारीत शांतता पसरली. क्वान चकित झाला. या लोकांतही गप्प बसायचा विधी असतो, हे त्याला या मुलखातल्या बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आल्यापासून भेटलेला हा पहिला समंजस माणूस.

वाघाच्या जबड्यातून दोन निळे डोळे त्याच्याकडे बघत होते. गाल फुगले होते. तुकडा दातांशी आला होता, नुसतं थुंकायचा अवकाश. सात वर्षांचं सगळं बोलणं त्या तुकड्यामागे रांग लावून उभं होतं. क्वाननं हळूच मान हलवली. नको.

निळे डोळे एकदा टॅबिथाकडे गेले. ती आसूड घट्ट धरून उभी होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती. डोळे क्वानकडे परत आले. तुकडा आत गेला.

"हिला बायको म्हणून स्वीकारतोस का?" पाद्रीबाबांनी विचारलं.

क्वानला वाटलं, यांचं झालं असावं. त्यानं साखळी ओढली. वाघाची मान खाली गेली. पुन्हा ओढली. पुन्हा ओढली.

"एकदा पुरे होतं," पाद्रीबाबा म्हणाले. "पण उत्साह आहे, चांगलं आहे."

क्वाननं वाघाला पाठमोरा ओढत भावांवरून, टॅबिथासमोरून, मोडक्या दारातून बाहेर उन्हात नेला आणि सुस्कारा सोडला.

"झालं. बोल आता."

वेंडेल बोलला नाही. त्यानं तुकडा तोंडातून काढला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परत थोडा खाल्ला.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "तू माझं लग्न लावून दिलंस, कळतंय का?"

क्वानला सगळं समजावून सांगावं लागलं. वेंडेलनं ते आश्चर्यकारकरीत्या थोडक्यात सांगितलं. क्वानचा काळा चेहरा रंगाखाली पांढरा पडला.

"मग थुंकला का नाहीस?"

"थुंकलो असतो तर तू जन्मभर पेट्या राखल्या असत्यास ना," वेंडेल म्हणाला. "आणि खरं सांगू? तोंड बंद असलं की माणसाला ऐकू येतं. ती श्वास रोखून उभी होती. सात वर्षांत मला ते कधी ऐकू आलं नव्हतं, मीच बोलत असायचो."

चार वाजता घोडागाडी आली. मालक लोंग उतरले. त्यांनी मोडलेलं दार पाहिलं, पायरीवर सुजलेली नाकं धरून बसलेले दोन कपाटाएवढे पुरुष पाहिले.

"हे कोण?"

"वाघाचे मेहुणे," क्वान म्हणाला.

मालकांनी यावर विचार केला आणि तो सोडून दिला. "विधीत कुणी बोललं?"

"हे दोघं बोलले. आमच्यातलं कुणी नाही."

मालक स्टेजवर चढले. टाच आपटली. मग दोन्ही पायांनी उडी मारली. स्टेज हललं नाही. त्याच वेळी बाहेर पायरीची फळी मोडली आणि दोन्ही मेहुणे खालच्या चिखलात गेले.

मालकांनी कोपरापर्यंत बाही सावरली. "क्वानदादा," ते म्हणाले, "चहा घेतलास का?"

भात शिजवणारा लगेच पाणी ठेवायला धावला.

क्वान आरशासमोर बसून तोंडाचा रंग पुसत होता तेव्हा टॅबिथा आत आली. मागे वेंडेल, अजून कमरेपर्यंत वाघ. क्वाननं आवळलेल्या नाड्या कुणालाच सुटत नव्हत्या.

"हा विधी तुम्ही किती वेळा करता?" तिनं विचारलं.

"दर नव्या गावात एकदा."

"गावं किती?"

"बर्फ पडेपर्यंत एकोणीस."

टॅबिथानं मनात काहीतरी मोजलं. "तुमच्या पेट्या माझ्या खेचरांवर जातील. वाघ मी आणते." ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "आणि मास्तर, तो तुकडा थोडा मोठा कापला तर शास्त्राला चालेल का?"