मोशीचा स्पीडब्रेकर

पैज लावली नानासाहेबांनी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला आमच्या चिखलीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये टेबल मांडतात. ज्याचं जे हत्यार, तो ते पूजेला ठेवतो. पाने, कात्र्या, लॅपटॉप, सगळं. नानासाहेब चाकणला आमच्याच कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले.

"नवनाथा, उद्या टेबलावरचं कुठलंबी हत्यार दाखव, नाव अन् काम सांगतो. चुकलो तर शेजारच्या तनुजाच्या लेकीच्या तीनचाकीवर झेंडूची माळ घालून पाच फेऱ्या."

"आणि नाही चुकलात तर मी मारतो," मी म्हणालो.

गेल्या वर्षी मीच त्यांच्या स्कूटरच्या हॉर्नला मांजराचा आवाज बसवला होता. हरायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांना हरवील अशी वस्तू एकच, आणि ती माझ्या खिशात. इन्सुलिनचं पेन.

सव्विसाव्या वर्षी मला टाइप वन डायबेटिस निघाला. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून दिवसातून चारदा सुई. वीस वर्षं हे फक्त बायकोला, उत्कर्षाला माहीत. लोक कीव करायला लागले की मस्करी करणाऱ्याचं दुकान बंद, राव.

म्हणून सकाळचं इंजेक्शन कंपनीच्या बसमध्ये, शेवटच्या सीटवर. फर्स्ट शिफ्टची बस, आत सगळ्या माना झोपेत डुलतायत. बाहेर इंद्रायणीवर धुकं, त्यात पुलाचे दिवे तरंगतायत. वाटायचं, बस रस्त्यावरून नाही, दुधातून चाललीय, आणि अख्ख्या जगात मी एकटाच जागा आहे. शर्ट वर, टिच, शर्ट खाली. पोहोचल्यावर कँटीनचे पोहे.

पैजेच्या रात्री उत्कर्षा म्हणाली, "ठेव की पूजेला. तुझ्यासाठी त्याच्याएवढं कुठलं हत्यार राबलंय?"

सकाळी गर्दीत हळूच पेन ठेवलं, पान्याच्या शेजारी. कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. धुपाच्या धुरात ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं दिसत होतं.

"हे सांगा," मी म्हणालो.

नानासाहेबांनी चष्मासुद्धा लावला नाही. "इन्सुलिनचं पेन. मागनं फिरवायचं, एक टिक म्हंजी एक युनिट. तुजं हाय."

"तुम्हाला कसं..."

"आरं, मोशीच्या पुलाजवळ स्पीडब्रेकर हाय. मारुतराव ड्रायव्हर तिथं बस मुंगीवानी का काढायचा, वाटलं तुला? तुजी सुई हलू नये म्हणून. बसमदी कुणीबी झोपल्यालं नसायचं, लेका. तू सांगंना, मग आमी डोळे मिटून बसायचो."

वीस वर्षं मी लोकांना फसवलं. आणि अख्ख्या बसने मला.

मी माळ उचलून गळ्यात घातली. मग सगळ्यांदेखत म्हणालो, "थांबा. आधी साखर बघतो." बोट टोचलं, मशीनवर ८४. फेऱ्यांसाठी कमीच. तनुजाने न विचारता प्रसादाचा पेढा पुढे केला, वर म्हणाली, "हरलेल्याला एकच मिळतो." दहा मिनिटं सगळे तसेच उभे राहिले, कुणाला घाई नाही.

मग गुडघे कानाशी घेऊन मी तीनचाकीवर बसलो. धूर, झेंडू, ओळखीचे चेहरे, सगळं त्या धुक्यासारखं मागे सरकत होतं. गेटजवळ सोसायटीचा स्पीडब्रेकर आला.

"हळू," सगळे एकदम म्हणाले.