आवाज गिळणारा आग्ता

त्या सोमवारी रिझलिनच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत बायका, दारात पुरुष आणि मधोमध टेबलावर ऑफिसचा काळा फोन. फोनपुढे मेणबत्ती, तांदळाची परडी आणि करवंटीत माडीचा नैवेद्य. सणाच्या दिवशी भाजलेल्या डुकराभोवतीसुद्धा काबुलिहान गावात एवढी गर्दी होत नसे.

गावचे मांत्रिक नोंग इस्लाव यांनी फोनवर तंबाखूचा धूर सोडला, डोळे पांढरे केले आणि ते गरजले, "आग्ता! दालाकीतच्या झाडावरच्या काळ्या राक्षसा! पोरीचा आवाज गिळलास ना? ओक! ओक म्हणतो ना!"

"हॅलो?" रिझलिन भीत भीत फोनवर म्हणाली. "ओडेट मॅडम, येतंय का ऐकू?"

"आता येतंय, अगदी खणखणीत," तिकडून, सेबू शहरातल्या ऑफिसातून, मॅडमचा आवाज आला.

सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. एक कोंबडी नोंग इस्लावांच्या काखेत गेली. क्रूस काढला नाही तो फक्त तिया चोलेंगनं. रिझलिनची ही मावशी एकतीस वर्षं तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडत बसली होती. देवावर तिचा विश्वास होता, पण फोन बिघडला तर त्याला देव जबाबदार नसतो, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

रिझलिन घरी बसून ऑस्ट्रेलियातल्या दंतवैद्यांच्या रोग्यांना वेळा देई. ऑफिसनं तिला फोन दिला होता आणि एक छोटी डबी. घरच्या इंटरनेटमधून ऑफिसपर्यंत एक बंदिस्त, खाजगी वाट काढायचं काम त्या डबीचं. व्हीपीएन म्हणतात ते हेच. दोन आठवड्यांपासून मात्र रोग्यांचं बोलणं हिला स्वच्छ ऐकू येई आणि हिचं त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचे. दाढ दुखणारा माणूस आधीच वैतागलेला. तिकडून तक्रारींचा पाऊस पडला. ऑफिसनं बजावलं, शुक्रवारी दहा वाजता मॅडम स्वतः तपासणी करतील. तेव्हा आवाज नीट नसेल, तर रिझलिननं शहरात येऊन बसायचं. शहर बसनं तीन तासांवर आणि रिझलिनचा कोको आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा.

गावात असे फोन पाच घरांत होते आणि पाचही घरांत हेच दुखणं. नोंग इस्लावांचा उतारा तीन दिवस टिके, मग पुन्हा नवी कोंबडी. आग्ताला जणू रिचार्ज लागत होता!

कारणही गावाला पाठ होतं. इंटरनेटची वायर ओढताना दालाकीतची फांदी तोडली, पण तोडण्याआधी झाडाला "ताबी" म्हणून परवानगी मागितली नाही. फांदी तोडली होती गावाला इंटरनेट विकणाऱ्या जॉनरेनं, म्हणजे नोंग इस्लावांच्याच पुतण्यानं. पण आग्तानं त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी आवाज पुन्हा गेला. रिझलिन कोकोला पोटाशी धरून रडायला लागली.

"तिया, उद्या तपासणी आहे! नोंगना बोलावते. दोन कोंबड्या म्हणाले तरी देते."

"कोंबडी राहू दे. आधी सांग, तिकडचं तुला ऐकू येतं?"

"येतं ना."

"म्हणजे येणारी वाट मोकळी आहे आणि जाणारी तुंबली आहे. घरच्या नेटवरून बहिणीला कोकोचा फोटो पाठवणार होतीस, तो गेला?"

रिझलिननं मोबाइल बघितला. रात्रीपासून नुसतं गोल गोल फिरत होतं. शेजारी टीव्हीवर त्याच नेटवरची मालिका मात्र जराही न अडखळता चालली होती.

"म्हणजे हा आग्ता फोटोसुद्धा खातो?" मावशी म्हणाली. "आणि मालिका सोडून देतो! बराच रसिक दिसतोय."

"तिया, थट्टा नको गं."

"थट्टा नाही करत. घरातून बाहेर जाणारं सगळंच अडतंय, नुसता आवाज नाही. एक्स्चेंजमध्ये लाइन बिघडली की आम्ही धूर नाही सोडायचो. मधोमध तोडून बघायचो, कुठला अर्धा खोकतोय ते. तुझ्या ऑफिसात फोन दुरुस्तीचं कोण बघतं?"

रिझलिननं तिथल्या मुलीला मेसेज केला. उत्तर आलं: डबीला पाच मिनिटं मोबाइलचं नेट द्या, बाकी कशाला हात लावू नका. दोघींनी तसं केलं आणि त्या मुलीला फोन लावला. आवाज स्वच्छ! फोन तोच, डबी तीच, ऑफिस तेच. बदललं होतं ते एवढंच, की मधे जॉनरेची वायर नव्हती.

रिझलिनचे डोळे मोठे झाले. "आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना!"

"सांगितलंस तर म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. सांगायचं नाही, दाखवायचं."

शुक्रवारी तियानं डबीला नेट देणारा मोबाइल खिडकीजवळच्या सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीमागे ठेवला. "ताबी हं बाळा, जरा जागा दे," असं म्हणूनच ठेवला. डबीतली जॉनरेची वायर टेबलाखाली सोडवून ठेवली.

साडेनऊला गाव जमला. नोंग इस्लाव आले. जॉनरे नेहमीसारखा दारात, मोबाइलमध्ये मान घालून उभा राहिला.

"आग्ता फार खवळलाय," नोंग म्हणाले. "मी आज्ञा देईपर्यंत या घरातून एक शब्द बाहेर जाणार नाही."

"एकही नाही?" तियानं विचारलं.

"शिंकसुद्धा नाही!"

दहाला फोन वाजला. रिझलिननं स्पीकर लावला. ती "हॅलो" म्हणते तोच नोंगांनी आरोळी ठोकली, "बघा, गिळला! आग्तानं आवाज गिळला!"

त्या आरोळीनं कोको दचकला आणि त्यानं जो टाहो फोडला!

"रिझलिन," स्पीकरमधून मॅडम म्हणाल्या, "बाळ का रडतंय? आणि हा आग्ता कोण? कशाला ओरडतोय एवढा?"

 खिडकीतली एक बाई फिस्सकन हसली. नोंगांनी जळजळीत डोळ्यांनी पुतण्याकडे पाहिलं. जॉनरे अंगठ्यानं मोबाइल बडवत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "काका, देवाशपथ, मी बंद केलंय!"

"काय बंद केलंस रे बाळा?" तियानं मोबाइल त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि सगळ्यांना दाखवला. पडद्यावर गावातल्या घरांची यादी होती. पाच घरांसमोर खूण होती, बाहेर जाणारी वाट चिंचोळी केल्याची. टीव्ही बघणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याचं सगळं येणाऱ्या वाटेनं येतं. बोलणाऱ्याचा मात्र जीव जातो. काकांनी मंत्र म्हणायचे आणि पुतण्यानं अंगठ्यानं ती खूण काढायची, एवढाच तो चमत्कार.

"माझी अंडी देणारी कोंबडी होती ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आग्ता पोराच्या अंगात शिरला असेल," नोंग पुटपुटले.

"मोबाइल बरा चालवतो हो तुमचा आग्ता!" तिया म्हणाली.

जॉनरेनं मुकाट्यानं पाचही खुणा काढल्या. तियानं मूर्तीमागचा मोबाइल बंद केला आणि वायर पुन्हा डबीत खोचली. फोन जागा होईपर्यंत दोन मिनिटं लागली. तेवढ्यात ती गावाकडे वळली. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही.

"पाच घरं, एकच दुखणं, एकच वायर. पण आपण वायर सोडून झाडाकडे बघत बसलो! झाडाला ताबी म्हणा, माझी ना नाही, मीही म्हणते. पण काही बिघडलं तर कोंबडी द्यायच्या आधी एक गोष्ट बदलून बघा. एका वेळी एकच. काय बदलल्यावर सुधारलं ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल, त्याला मांत्रिक लागत नाही. आज तुमच्या भाबडेपणापायी या लेकराची आई तीन तासांवर गेली असती."

एव्हाना रिझलिनच्या खांद्यावर कोकोचा डोळा लागला होता. फोन पुन्हा वाजला. रिझलिननं तो लगेच उचलला.

"हॅलो, मॅडम?" ती अगदी हळू, कुजबुजत म्हणाली.

"येतंय ऐकू. पास झालीस, घरूनच काम कर," मॅडम म्हणाल्या. "पण इतकं हळू का बोलतेस?"

"बाळ झोपलंय, मॅडम."