राहिलेलं वाक्य

कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या खोलीत नऊ टेबलं होती, आता तीन उरली. ज्यांना घरी पाठवलं त्यांच्या खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक उलट्या रचून ठेवल्या आहेत. शेजारच्या टेबलावरचे मास्तर म्हणतात, "देवळाचा कळस चढतोय बाई, पाया मात्र आपला." मास्तर याच कॉलेजात गणित शिकवायचे. वर्ग बंद पडले, तसं त्यांना फोनवर बसवलं.

काम सोपं. ज्या मुलांनी चौकशीचा अर्ज भरला त्यांना फोन करायचा, समोरचा कागद वाचायचा. शेवटचं वाक्य ठरलेलं: "माझी स्वतःची मुलगी असती तरी मी तिला इथेच घातलं असतं." ते म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. काचेआड साहेब कानाला हेडफोन लावून आमचे फोन ऐकत असतात.

मला मूलबाळ नाही. म्हणून आठ वर्षं हे वाक्य जिभेला टोचलं नाही.

या आठवड्यात माझे प्रवेश दोन, मास्तरांचे तीन. शुक्रवारी आणखी एक टेबल उचलणार, ज्याचे प्रवेश सगळ्यांत कमी त्याचं. दुसरीकडे जावं तर जायचं कुठे? गेल्या महिन्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. समोरच्या बाईंनी माझ्या कॉलेजचं नाव वाचलं आणि हसू दाबत विचारलं, "म्हणजे ते, डिग्री देतात पण नोकरी लागत नाही, ते?" मी मान खाली घातली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवारी दुपारी यंत्राने यादीतला पुढचा नंबर लावला. मी 'हॅलो' म्हणताच पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"मावशी! अगं, तूच? मी मुद्दामच अर्ज भरला. म्हटलं बघू तुझ्याकडे येतो का!"

माझ्या बहिणीची मुलगी. हिच्या बारशाला मीच नाव ठेवलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत हा कागद पाठ करायचे, तेव्हा ही ओट्यावर बसून माझ्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची.

काचेआड साहेबांनी मान वर केली.

"नमस्कार," मी म्हणाले. "आपण चौकशी केल्याबद्दल आभार."

"अगंबाई, किती औपचारिक! आई म्हणते मावशी आहे तिथे, मग काळजी कसली? उद्याच पैसे भरते."

तीन होतील, मनात आलं. मास्तरांच्या बरोबरीला. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

मी कागद वाचत गेले. इमारत, ग्रंथालय, नोकरीची हमी. वाचता वाचता वाटलं, कुणीतरी दार बाहेरून लावून घेतंय आणि आत मीच उभी आहे. शेवटची ओळ आली. मी थांबले.

"मावशी?" ती म्हणाली. "शेवटचं राहिलं की. स्वतःची मुलगी असती तरी..."

साहेब काचेवर बोटाने टकटक करत होते.

"राहू दे," मी म्हणाले.

 तिचा आवाज लहान झाला. "बरं मावशी. आईला मी सांगते."

फोन ठेवला. साहेब दार उघडून नुसते म्हणाले, "हा फोन हिशेबात धरणार नाही. वाक्य झालेलं नाही." आणि परत आत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मास्तरांनी मान फिरवली नाही, पण पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

देवा, एक लेकरू वाचलं, असं म्हणून मी डोळे पुसले. तोवर यंत्राने यादीतला पुढचा नंबर लावला होता.

पलीकडे एक मुलगी. आवाज तसाच, वयही तेच. गावाकडून आलेली, वडील नाहीत म्हणाली. मी वाचत गेले. साहेबांचा हात पुन्हा काचेवर होता. शेवटची ओळ आली.

"माझी स्वतःची मुलगी असती," मी म्हणाले, "तरी मी तिला इथेच घातलं असतं."

"खरंच?" ती म्हणाली. "मग येते मी. तुम्ही सांगताय म्हणून हं, मावशी."