आपला कोण, परका कोण

शब्दकोशाच्या कचेरीत जागा एक होती आणि उमेदवार दोन. दोघांनी एकाच शब्दाचं कार्ड लिहायचं, टायपिस्टने नावं गाळून ती टाइप करायची आणि संपादकबाईंनी एक निवडायचं, अशी तिथली पद्धत. एक उमेदवार बाईंचा धाकटा भाऊ. बाई आधीच नको म्हणाल्या होत्या. पण कार्डावर नाव नसतं, मग अडचण कसली, असं म्हणून वरिष्ठांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं.

शब्द होता ‘निःपक्षपाती’.

दुसरं कार्ड वाचताना बाईंनी चष्मा काढून पुसला. अर्थ : ‘निवाडा करताना आपला कोण, परका कोण, हे न पाहणारा.’ खाली उदाहरण : ‘खाऊ वाटताना ताई कधीच निःपक्षपाती नसे.’

“गाढव,” बाई पुटपुटल्या आणि फुली मारायला त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

“इतकं वाईट आहे?” समोरच्या टेबलावरून मुद्रितशोधकांनी विचारलं.

“आमच्या दिवट्याचं आहे. निवडलं तर लोक मला नावं ठेवतील.”

“परक्याचं असतं तर?”

बाईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

“मग फुली कार्डावर मारताय की भावावर?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. कार्डाबद्दल शंका असली, की शब्द झाकायचा आणि नुसता अर्थ शेजारच्या बाइंडरकाकांना वाचून दाखवायचा. त्यांनी शब्द ओळखला, तर अर्थ पास, अशी कचेरीची जुनी रीत. बाई दोन्ही कार्डं घेऊन गेल्या. काकांचे हात कोपरापर्यंत खळीने माखलेले.

“न्यायदानात उच्च मूल्यांचे भान राखणारा,” बाईंनी पहिलं वाचलं.

“सज्जन? साधू? कोणीतरी मोठा माणूस दिसतोय.”

बाईंनी दुसरं वाचलं, जरा भरभरच.

“निःपक्षपाती,” काका मान वर न करता म्हणाले. “पुढचं?”

“झालं.”

जागेवर येऊन बाईंनी कार्डावर सही केली. उदाहरणावर पेन्सिल क्षणभर थांबली. खाऊचं ते खरंच होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

भाऊ बाहेर बाकावर नखं खात बसला होता.

“सोमवारपासून ये. दहाला. साडेदहा चालणार नाहीत.”

तो उठलाच एकदम. “ताई...”

“इथे बाई म्हणायचं,” बाई म्हणाल्या आणि हसू दिसू नये म्हणून आत वळल्या.